एकदाच प्रवेश

आमचा बटणांचा कारखाना म्हणजे एक लांब खोली, बटणं घासणारी तीन फिरती पिंपं, रंगाची टाकी आणि मी. नवरा मालक. पत्रं, रंगांचे नमुने आणि उरलेलं सगळं माझ्याकडे.

आणि ती? ती परदेशातली गिऱ्हाईक. कोट शिवते म्हणे, म्हणजे दुसऱ्यांकडून शिवून घेते. नवरा तिला मॅडम म्हणतो, मी पाहुणी म्हणते. गेल्या वर्षी ती आली तेव्हा त्याने नवा शर्ट घेतला होता. माझ्या बहिणीच्या लग्नात जुन्यावर भागवलं होतं, हेही सांगून ठेवते.

यंदा ती पुन्हा यायची होती. धंद्याच्या भेटीच्या व्हिसाला आमचं निमंत्रणपत्र लागतं: कशासाठी येणार, किती दिवस राहणार, कितीदा ये-जा करणार.

"वर्षभराचा मागू, कितीही वेळा येता येईल असा," नवरा म्हणाला. "सोयीचं पडेल."

"तिला की तुम्हाला?"

"धंदा आहे गं. त्यात काय मनाला लावून घ्यायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर, कितीही वेळा! माझ्या सख्ख्या भावाला या घरातून असं बोलावणं कधी गेलं नाही. मी पत्र टाइप केलं: मुक्काम पंधरा दिवस, प्रवेश एकदाच. नवऱ्यापुढे ठेवलं. त्याने नेहमीसारखी खाली सही ठोकली. माझं लिहिलेलं तो कधीच वाचत नाही.

ती आली. उंच, केस पांढरे झालेले, ते न रंगवलेले, आणि तसेच तिला शोभत होते. मला तेच सगळ्यात जास्त खुपलं. ऑफिसात ती दोघं टेबलाशी, मी चहा घेऊन आत-बाहेर. ती सारखी दाराकडे बघायची. मी कधी एकदा टळते याची वाट बघत असणार. एकदा तिने मला मरून रंगाबद्दल काही विचारलं, तर उत्तर नवऱ्यानेच दिलं, तेही चुकीचं. दुरुस्त करायला अडलंय माझं खेटर, म्हणून मी ट्रे उचलून बाहेर आले.

घरी मात्र माझं तोंड चालू. "मॅडमना खुर्ची टोचली नाही ना? आपली गादी नेऊ का उद्या?"

सासूबाई म्हणाल्या, "अशीच पेटत राहा बाई. या महिन्यात गॅस लागायचा नाही."

शेवटी नवऱ्याने मिठाची गुळणी धरली. पाहुणीचं अवाक्षर घरात काढेना.

म्हणूनच मला कळलं नाही. एका सकाळी ती बॅग घेऊन निघाली. गाडी वळल्यावर नवरा म्हणाला, "परवा येतील. तोवर मरून माल पिंपातून काढून ठेव. तो बघून ऑर्डरवर सही करणार आहेत."

"परवा? कुठून?"

"शेजारच्या देशात प्रदर्शन आहे ना, तिथून."

माझ्या हातातली चाळणी तशीच राहिली. "अहो, ती परत नाही येऊ शकत. पत्रात एकदाच लिहिलंय, व्हिसाही तसाच मिळाला असणार!"

आम्ही फोन लावत राहिलो, पण तिचं विमान सुटलं होतं. परत येताना तिला विमानात चढूच दिलं नाही. नव्या व्हिसासाठी आधी स्वतःच्या देशात जायचं, मग वाट बघायची. आणि कोटांचा हंगाम काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. ही ऑर्डर गेली तर तीनपैकी दोन पिंपं बंद, आणि त्यांवर कामाला येणाऱ्या बायका घरी.

"एकदाच का लिहिलंस?"

"तुम्ही न वाचता सही का केलीत? आणि प्रदर्शनाचं मला का नाही सांगितलंत?"

"सांगून मला जेवण गोड लागलं असतं का?"

"दोघांनी मिळून पायावर धोंडा मारून घेतलात," सासूबाई म्हणाल्या. "या घरात एवढं एकच काम एकमताने झालं."

मग तिचा मेल आला. मला येता येत नाही, तर नमुने घेऊन तुमच्याकडून एकाने इकडे यावं; निमंत्रण सोबत जोडलंय. नवऱ्याने लगेच कपाटातून तो नवा शर्ट काढला. आता हा तिच्या दारात जाणार, आणि पाठवणार कोण, तर मीच.

मी निमंत्रण उघडलं. त्यावर माझं नाव होतं.

खाली लिहिलं होतं, "रंगांची पत्रं तुम्ही लिहिता हे मला ठाऊक आहे. तुम्ही येऊन बसाल म्हणून मी दाराकडे बघत राहिले. तुमचे यजमान भले आहेत, पण त्यांना मरून आणि तपकिरी एकच दिसतात."

मला लाज वाटली. आणि खरं सांगू? लाजेपेक्षा आनंद जास्त झाला.

नवरा शर्टाची घडी घालत म्हणाला, "तिथे जेवायला आणखी कोण असणार?"

"तिचा भागीदार असेल."

"भागीदार? म्हणजे पुरुष?"

"विचारून कळवते."

मी अर्ज भरायला बसले तर हा खुर्चीमागे उभा. "एकदाच प्रवेशाचा माग. एवढ्याशा कामाला पुरे."

"वर्षभराचा मागतेय. कितीही वेळा."

"कशाला?"

"धंदा आहे हो. त्यात काय मनाला लावून घ्यायचं?"

अर्जासोबत कारखान्याचं पत्र लागतं, त्यावर मालकाची सही. मी ते टाइप करून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पेन उघडलं, पुन्हा बंद केलं, चष्मा शोधून लावला. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझं लिहिलेलं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.