पापडावरचे काळे ठिपके

ग्लासगोत पापड भाजायला निखारे कुठून आणायचे? अलका इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाली आणि पापड मायक्रोवेव्हमध्ये भाजू लागली. पापड मात्र सांगलीहून येत, आईच्या हातचे, उडदाचे. ते कधी बिघडले नव्हते.

त्या रविवारी बिघडले. ठिकठिकाणी काळे ठिपके आणि त्यांच्यामधला भाग कच्चाच. दुसरा लावला, तोही तसाच. अलकाने मागचापुढचा विचार न करता फोनवर सांगून टाकलं, "आई, या वेळचे पापड नाही जमले गं. पीठ नीट कुटलं गेलं नाही वाटतं."

आई म्हणाली, "हात गेला माझा. आता पापड बंद करते." ऐंशीच्या घरातल्या त्या बाईचा सगळा तोरा त्या पापडांत होता, आणि लेकीनेच तो उतरवला. आठवडाभर आई फोनवर हवापाण्याचं बोलत राहिली. पापडाचं नाव काढलं नाही.

पुढच्या रविवारी इरावतीने तसलाच एक पापड उजेडात धरला. ही अलकाची लेक, जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं, फिजिक्स मात्र जीव की प्राण.

"मॉम, हे रँडम नाहीये. डाग सारख्या अंतरावर आहेत. आतली प्लेट फिरते का?"

फिरते कुठली! पापड बिघडायच्या आदल्याच आठवड्यात काचेची थाळी फुटली, तेव्हा अलकाच्या नवऱ्याने, गिरीशने, कॅसरोलचं चौकोनी झाकण आत बसवलं होतं. ते भिंतींना अडून ढिम्म बसे. या जुगाडाची फुशारकी त्याने चार लोकांत मारली होती. आता तो पेपरमागे गेला.

इरावतीने पट्टी आणली. दोन डागांमधलं अंतर दुप्पट केलं, मशीनमागे छापलेल्या फ्रिक्वेन्सीने गुणलं आणि हसली. "मॉम, स्पीड ऑफ लाइट आला. पापडवरून. ऑलमोस्ट."

"ते राहू दे. पापड चांगला आहे ना?"

"पापड पर्फेक्ट आहे. प्रॉब्लेम झाकणचा आहे."

"मग आजीला तूच सांग. मी सांगितलं तर समजूत घालतेय असं वाटेल तिला."

फोन स्पीकरवर लावला. "आजी, तू दोरी खिळ्याला बांधला आणि हलवला, तर लाट जातो, आपटतो, परत येतो. जाणारा आणि येणारा भेटतात. मग दोरी काही ठिकाणी खूप उडतो, काही ठिकाणी अजिबात हलत नाही. ओव्हनमध्ये सेम. उडतो तिथे पापड जळतो, हलत नाही तिथे कच्चा. डॅडने फिरणाऱ्या प्लेटच्या जागी झाकण ठेवला, तो फिरत नाही. तुझा काही फॉल्ट नाही."

सांगलीहून आईने लगेच विचारलं,

"म्हणजे पापड एका जागी ठेवून भाजत होतात?"

"हो," अलका पुटपुटली.

"अलके, पापड फिरवत भाजायचा असतो. एवढी डॉक्टर झालीस, तरी हे मीच शिकवायचं?" आवाजात जुनी धार परत आली होती. "बरं, उडीद आणायला सांगते उद्या. आणि जावईबापूंना म्हणावं, झाकण भांड्यावर ठेवायचं असतं."

बोलणी खाऊनही अलकाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.