शेवटचं कोण?

झामोरा शहराच्या मंडईत एकोणतीस वर्षं माझा मासळीचा ठेला आहे. आमच्याकडे कुणी ओळीने उभं राहत नाही. बायका जागा मिळेल तिथे गप्पा मारत असतात. नवीन आलेली विचारते, "शेवटचं कोण?" आधीची म्हणते, "मी." झालं, नंबर लागला.

त्या ऑक्टोबरात एक परदेशी पोरगी यायला लागली. उंच, फिकुटलेली, खांदे पाडून चालणारी. ती विचारायची, "शेवटचं कोण?" कुणीतरी "मी" म्हणायचं. तिच्यामागून आलेलीने विचारलं की तीही म्हणायची, "मी." आणि नंबर जवळ आला की गुपचूप निघून जायची. आठवड्यातून चारदा हेच. शेजारचा सॉसेजवाला बेनिग्नो म्हणाला, "विसी, बायकांना पर्स सांभाळायला सांग."

मला तसं वाटलं नाही. चोर इतके जपून शब्द उच्चारत नाहीत.

रविवारी बोटी जात नाहीत, त्यामुळे सोमवारी ताजी मासळी नसते. खारवलेला कॉड मासा मांडून मी नुसती बसून असते. अशाच एका सोमवारी ती आली. ठेल्यापुढे चिटपाखरू नव्हतं. ती गोंधळली, तरी तिने विचारलंच, "शेवटचं कोण?"

"कुणी नाही, पोरी. पहिली तूच आणि शेवटचीही तूच. बोल, काय देऊ?"

तिचे कान लाल झाले. "काही नको."

"मग रोज कशाला येतेस? माझं तोंड बघायला? त्यापेक्षा हा कॉड देखणा आहे."

ती हसली नाही, समजलं नसावं. मग एकेक शब्द वेचत बोलली. नाव लीवी. एस्तोनियाहून वर्षभर शिकायला आली होती. वर्गात ही आमच्या भाषेत तोंड उघडेपर्यंत इतरांचा विषय बदललेला असायचा. भाड्याच्या घरात बरोबर राहणाऱ्या दोघी मैत्रिणी इंग्रजीत बोलायच्या.

"दुकानात मशीन आहे. बसमध्ये कार्ड आहे. कोणी बोलत नाही," ती म्हणाली. "इथे मी विचारतो, आणि माणूस उत्तर देतो."

"विचारते म्हण. मुलगी आहेस ना?"

"विचारते."

"दर सोमवारी येत जा. मलाही काम नसतं."

ती येत गेली. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून मी सांगेन ते वहीत लिहायची. तारली, बांगडा, खवले काढणं, कल्ले. मी बेनिग्नोला जे टोमणे मारते तेही तिने उतरवून घेतले. एकदा ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बेनिग्नो, तुझे सॉसेज तुझ्यापेक्षा म्हातारे आहेत!" त्याने खूश होऊन तिला एक जाड तुकडा कापून दिला.

जानेवारीत मी तिला रविवारी जेवायला बोलावलं. माझे मिस्टर गेल्यापासून रविवारी भाऊ होनोरिओचं सगळं बिऱ्हाड माझ्याकडे असतं. अकरा माणसं, आणि ऐकणारं कुणी नाही. होनोरिओने लीवीला विचारलं, "तुमच्याकडे फार थंडी का गं?" ती वाक्य जुळवत होती, तेवढ्यात गाडी फुटबॉलवर गेली. मग जो कुणी हसेल त्याच्याकडे बघून ती हसत राहिली. आपण हिला कुठे आणून बसवलं, असं मला झालं.

कॉफीच्या वेळी ती जागेवर नव्हती. स्वयंपाकघरात ताटं विसळत होती.

"ठेव ते. पाहुणी आहेस तू."

"पाणी गरम आहे. बरं वाटतं." मग माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, "माझी आजी मेला. नोव्हेंबरमध्ये."

नोव्हेंबरातला एकही सोमवार तिने चुकवला नव्हता.

"अगं, बोलली का नाहीस?"

"शब्द माहीत होता. खोलीत म्हणून बघितला. मोठ्याने म्हटलं तर खरं वाटलं."

मी काही दुरुस्त केलं नाही. फडकं घेतलं आणि ताटं पुसायला लागले. बाहेर पेनल्टीवरून आरडाओरडा चालला होता. "नाव काय होतं तिचं?" मी विचारलं.

सालमे. सालमेने मधमाश्या पाळल्या होत्या. पोळ्याच्या पेटीला काय म्हणतात ते लीवीला येत नव्हतं, तर तिने साबणाच्या हातांनी हवेत पेटी काढून दाखवली. ताटं संपल्यावरही ती बराच वेळ बोलत होती.

मार्चपासून तिचे सोमवार गळायला लागले. कुठल्याशा नाटकाच्या तालमी होत्या म्हणे. मेमध्ये एका भर गर्दीच्या दुपारी ती मंडईतून गेली. बरोबर तीन मुली. लीवी हात उडवत भराभर बोलत होती, दुसरीचं वाक्य मध्येच तोडत होती, अगदी आमच्यासारखी. मला बघून ओरडली, "विसी, येते गं नंतर!" माझे हात माशाच्या पोटात होते. मी सुरीच हलवली.

"गेली तुझी पोरगी," बेनिग्नो म्हणाला.

"त्यासाठीच तर आली होती," मी म्हटलं आणि पुढचा मासा घेतला. मला खरंच आनंद झाला होता. संध्याकाळपर्यंत तो पुरला.

जूनमध्ये ती आपल्या गावी परतली. त्यानंतरच्या सोमवारी मी ठेला उघडलाच नाही. दुपारी होनोरिओला फोन लावला.

"काय झालं गं?" त्याच्यामागे टीव्ही चालू होता.

"काही नाही. सहज."

"मग ठेव, जेवतोय."

मी ठेवला.