गोमुखाच्या पाण्यात मीठ

मढच्या ज्या बंगल्यात शूटिंगवाले खोटे खून करतात, तिथेच शीतलनाथबाबांनी सत्संग मांडला, आणि सगळा कोळीवाडा सुकत घातलेली मासळी कावळ्यांवर सोडून तिकडे धावला. ज्याची छाती धडधडते त्याचं तोंड बाबा तांब्याच्या घंगाळात बुडवायचे. वर झेंडूची फुलं, खाली म्हणे गोमुखाचं पाणी. माणूस तोंड वर काढतो तोवर नाडी शांत.

खोटं कशाला सांगू, माझीही झाली. माझी छाती मध्येच अशी पळत सुटायची की पदर हलताना दिसायचा. पहिल्याच बुडीत थांबली. माझा थोरला महादू तिथंच बाबांच्या पायांवर आडवा झाला.

पण मला दुसरंही दुखणं होतं. डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि मी कोसळायचे. आमच्या डॉक्टरनं धडधडीवर गोळ्या दिल्या होत्या, त्यानंतर हे पडणं वाढलं होतं. बाबांना आयतंच सापडलं.

"माई, तुझ्यात दोन बाया आहेत. एक पळती, एक बसती. गोळीनं पळतीला मारलंस की बसती चिडते. गोळ्या खाडीत टाक."

"दोघी भाडं एकत्र देतील की वेगवेगळं?" मी विचारलं.

सून क्षमानं कोपर मारलं. "आई, गप ना."

गोळ्या महादूनंच टाकल्या. पुढच्या खेपेला छाती पळायला लागली तेव्हा त्यानं मला उचलून घंगाळाशी नेलं. तोंड बुडालं, धडधड थांबली. मग काहीच नाही. मीही नाही.

जागी झाले तर गळ्यात हार, माझ्या विधवेच्या कपाळावर कुंकवाचा मळवट. माणसं टाळ्या वाजवत होती. महादू समोर हात जोडून उभा.

"आये, तुझ्या अंगात देवी आली."

ओठ खारट लागले. मी फुलं सारून पाण्यात हात घातला आणि बर्फाचा खडा बाहेर काढला. जन्मभर पापलेटं बर्फात ठेवली मी. मीठ घातलं की गारठा वाढतो, हे मला ठाऊक नसणार?

"बाबा, गोमुखात मिठागर कधी निघालं?"

"माई, चव तीर्थाला नसते, श्रद्धेला असते."

"गुण आला ना, आये?" महादू म्हणाला. "मग बर्फ असो नाहीतर काय."

त्यानंतर घरात माझ्याशी कुणी धड बोलेना. जेवणाचं ताट मात्र देवीला ठेवावं तसं पुढे यायचं.

मी एकटीच तरीच्या होडीत बसले, वर्सोव्याला उतरले आणि अंधेरीचं मोठं इस्पितळ गाठलं. तिथं मला ठेवून घेतलं. भेटीच्या वेळेला शेजारच्या खाटांवर डबे उघडायचे. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. छातीला वायरी लावल्या होत्या. विमला नावाच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची रेघ दाखवली.

"मावशी, बाया दोन नाहीत, मूळ एकच. हृदयाला ठोका देणारी जागा थकलीये. मग भलतीच जागा पळत सुटते. ते पळणं थांबलं की थकलेल्या जागेला लगेच ठोका देता येत नाही. तेवढ्यात तुम्ही पडता."

"आणि घंगाळ?"

"तोंड गार पाण्यात गेलं की हृदय मंदावतं, हा शरीराचाच गुण. काहींची धडधड त्यानं थांबते. तुमचं हृदयच थांबलं. गोळीचंही तेच झालं, पळणं आवरलं आणि थांबणं वाढलं. म्हणून आधी यंत्र बसवायचं. ते मध्ये खंड पडू देत नाही. मग गोळी बेलाशक घ्या. एका दुखण्याचं औषध दुसऱ्या दुखण्याला विचारूनच द्यावं लागतं."

कातडीखाली काड्यापेटीएवढं यंत्र घेऊन परतले. सत्संगाच्या दिवशी बंगल्याच्या फाटकातच मासळीचा टब मांडला. त्यात पाणी, बर्फ, मूठभर मीठ.

"महादू, तू धडधाकट आहेस, तू ये. क्षमा, त्याची नाडी धर. मंत्र नाही, फुलं नाहीत."

त्यानं श्वास धरून तोंड घातलं. क्षमा हळूच म्हणाली, "अगोबाई, मंद झाली."

"आता टबाच्या पाया पड," मी म्हटलं.

काही हसले. बरेच जण माझी नजर चुकवून आत बाबाकडे गेले. महादू तोंड पुसत तिथंच थांबला.

"आये, त्या दिवशी तू खरंच गेली होतीस?"

"गेले होते. तू नमस्कार करत होतास."

टब त्यानंच उचलला.

म्हणून सांगते. बुवाला विचारा, पाण्यात काय घातलंय. डॉक्टरलाही विचारा, गोळी काय करते. कोसळलेल्या माणसाला हार घालू नका, त्याची नाडी बघा, इस्पितळात न्या. आणि त्याला एकटं पाठवू नका, सोबत जा.