दुसऱ्या वळणावरचे पाणी

शनिवार, दिनांक १६ मार्च १९४६, सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. इमामपूर घाटाच्या दुसऱ्या वळणावर लिडियाबाई साळवे सायकलवरून उतरल्या. त्या महिन्यातील ही तिसरी वेळ.

"बाई, सायकल तुमाला नेती का तुमी सायकलला?" खडी पसरणाऱ्या बन्सीने विचारले.

"आळीपाळीनं नेतो, बन्सीभाऊ. म्हणजे भांडण होत नाही."

टोळी हसली. बाईही हसल्या, पण त्यांची नजर वरच्या चढावर होती.

त्या जेऊरच्या मिशन शाळेत शिक्षिका होत्या. वय एकेचाळीस. दर शनिवारी घाट उतरून पायथ्याच्या वस्तीत बायकांना लिहायला-वाचायला शिकवीत आणि संध्याकाळी परत चढून येत. एक एप्रिलपासून त्यांची राहुरीकडे बदली झाली होती. त्यापूर्वी हा घाट एकदा तरी पाय न टेकता चढावा, एवढाच त्यांचा हट्ट होता. उरले होते दोन शनिवार.

"चढून काय मिळनार? बक्षीस हाय का?" बन्सीने पुन्हा छेडले.

"काही नाही मिळणार. पण या घाटानं मला फक्त ढकलताना पाहिलंय हो. जायच्या आधी त्याला एकदा सायकलवर बसलेली दिसायचंय."

मी त्या रस्त्यावर ओव्हरसियर होतो आणि घाटात खडीकरण चालू असल्याने तिथेच उभा होतो. ज्या श्रमाचे मोल कोणी देणार नाही आणि ज्याची वाहवाही कोणी करणार नाही, तो श्रम माणूस पुन्हा पुन्हा का करतो, हा प्रश्न मला तेव्हा प्रथमच पडला. उत्तर शोधत बसण्यापेक्षा मला येत होते ते मी केले. चढ वीसास एक, म्हणजे वीस फुटांना एक फूट. त्यावरून हिशेब मांडून मागचे दातेरी चक्र थोडे मोठे बसवावे असे सुचविले. बाईंनी नगरला जाऊन ते बसवून आणले.

पुढच्या शनिवारी पहिले वळण त्यांनी सहज घेतले. आणि दुसऱ्या वळणावर, नेमक्या त्याच जागी, त्या उतरल्या.

तिथे रस्त्याची निगा राखणाऱ्या पुंजारामची झोपडी होती. त्याची बायको छबूबाई पेला घेऊन नेहमीप्रमाणे दारात उभी होती.

"आल्या का बाई? उतरा, पानी घ्या. लई ऊन हाय."

बाई पाणी प्यायल्या, पेला परत दिला आणि सायकल ढकलू लागल्या. मी सोबत चालू लागलो. त्यांना धाप लागलेली नव्हती. त्या पूर्ण वाक्यांत बोलत होत्या. म्हणजे पायांत बळ शिल्लक होते.

"लिडियाबाई, तुम्ही दमून उतरत नाही."

त्यांनी सायकल थांबवली. मग म्हणाल्या, "साहेब, माझ्या आईच्या ओंजळीत या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात वरूनच पाणी ओतलं. धर्म बदलला, तरी ओतणाऱ्यांचा हात खाली आला नाही. छबूबाईंनी मात्र पहिल्या दिवशीच पेला हातात दिला. त्यांना मी नको म्हणू? मी?"

मी सायकलला मागून हात लावला.

तीस मार्च. सकाळी उतरताना बाई झोपडीपाशी थांबल्या. आपल्याच वर्गात उभे राहावे तशा ताठ उभ्या राहून त्यांनी छबूबाईंना पाय न टेकता चढायचा हट्ट आणि पाण्यासाठी होणारा पायउतार, सारे सांगितले.

छबूबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्या पान्यानं तुमची सायकल अडती?"

"तसं नाही हो, छबूबाई..."

"मग कसं? येवढे दिस तोंड शिवलं हुतं का?" एवढे बोलून ती आत गेली. बाई क्षणभर दाराकडे पाहत राहिल्या आणि मग घाट उतरून गेल्या. त्यांची पाठ मला त्या दिवशी प्रथमच वाकलेली दिसली.

संध्याकाळी पाच वाजता त्या पायथ्यावरून निघाल्या. पहिले वळण झाले. टोळीने हातातली घमेली खाली ठेवली. बन्सी फावड्यावर रेलून पाहत होता. दुसऱ्या वळणावर त्यांनी मान वळवून पाहिले. झोपडीचे दार बंद होते. बाहेर कोणी नव्हते.

त्यांचा वेग मंदावला. पुढचे चाक डावीकडे गेले, उजवीकडे गेले. एक पाय पायडलवरून निसटला आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर लोंबकळू लागला. ही आता उतरणार, ती दमल्यामुळे नव्हे, तर दुखावलेल्या माणसाची क्षमा मागण्यासाठी, हे मला स्पष्ट दिसत होते.

इतक्यात वळणाच्या थेट वर दिसणाऱ्या माथ्यावरून आरोळी आली.

"ए भवाने! खाली काय बघती? मी हितं हाय! उतरलीस तर थेंब न्हाई मिळायचा, सांगून ठिवते!"

घाटाच्या माथ्यावर, डोक्यावर पदर आणि कमरेवर कळशी घेऊन छबूबाई उभी होती. आजवर ती बाईंना 'तुमी' म्हणत आली होती.

लिडियाबाईंचा पाय पायडलवर परत गेला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे खालून कळणे शक्य नव्हते; पायडल मात्र एका लयीत फिरू लागले होते. "चला बाई, चला!" म्हणत बन्सी फावडे टाकून पाठीमागे धावत सुटला, आणि शेवटच्या चढावर त्यालाच धाप लागून तो मैलाच्या दगडावर बसला.

मी पोहोचलो तेव्हा बाई सायकलला टेकून पाणी पीत होत्या. अर्धा पेला झाल्यावर छबूबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आण हिकडं. मीबी घाट चढून आलेय." आणि उरलेले पाणी साऱ्या टोळीसमोर, पेल्याला तोंड लावून, ती घटाघटा प्यायली.

मी घड्याळ पाहिले. पायथा ते माथा पावणेदोन मैल, वेळ चोवीस मिनिटे, पायउतार शून्य.