न उघडणाऱ्या खिडक्या

दोनशे चार नंबरच्या वर्गाचं कुलूप काढलं की मालन आधी पदर नाकाला लावायची. सुकटीच्या डब्यात पाणी शिरलं की जसा वास सुटतो, तसा वास तिथं बाराही महिने असायचा.

रत्नागिरीतल्या विद्यापीठाच्या या नव्या इमारतीत ती दोन वर्षांपूर्वी सफाईला लागली. दाराशीच मोठी पाटी होती, 'ऊर्जा वाचवणारी हरित इमारत'. समुद्राकडची सगळी बाजू काचेची, आणि वर्गांची एकही खिडकी उघडणारी नाही. उघड्या खिडकीतून एसीचा गारवा निसटतो, वीज वाया जाते, असं नकाशा काढणाऱ्यांचं म्हणणं. पुढे विजेचं बिल फारच येऊ लागलं, तेव्हा एसी दुपारचे दोनच तास लावायचा हुकूम निघाला. बाकी वेळ दमट हवा आत कोंडलेली. भिंतींवर, पडद्यांवर, खुर्च्यांच्या कापडी पाठींवर हिरवा-काळा बुरा चढू लागला. मालन तो रोज पुसायची. फडक्याला शेंबडासारखा चिकटायचा आणि चार दिवसांत पुन्हा उगवायचा. घरी लिंबू चोळून हात धुतले तरी भाताच्या घासाला तोच वास.

गणपती उरकले आणि इमारतीला मानांकन द्यायला पुण्याहून पथक येणार असं कळलं. देखभाल बघणारा रितेश धावत आला.

"मावशी, बुरा आलेल्या सगळ्या खुर्च्या दोनशे चारमध्ये भरा न् कुलूप घाला. बाकीच्या भिंती रंगवून घेतो."

"ओल्या भिंतीवर रंग बसतो काय?"

"चार दिवस बसला तरी बास."

वर त्यानं मोगऱ्याचा फवारा मारून घेतला. बुरा आणि मोगरा असा एकत्र वास नाकात गेला, तशी मालन बेसिनवर जाऊन भडाभडा ओकली.

पथक आलं त्या दिवशी एसी सकाळपासून सुरू होता. संचालक मुकुल सर पुढे, सोबत पथकाच्या प्रमुख उर्वी मॅडम. दोनशे चारपाशी मॅडम थांबल्या.

"ही खोली?"

"भांडार आहे," सर म्हणाले.

"उघडा."

रितेश डोळ्यांनी नको नको करत होता. मालननं कमरेची किल्ली काढली आणि दार सताड उघडलं. मॅडमनी रुमाल नाकाला लावला. आता तरी कुणी बघतंय, असं मालनला वाटलं.

"किती दिवस आहे हे असं?"

"दोन वर्सं झाली, मॅडम. खिडक्या उघडतच नायत. पोरं खोकतात नुसती. ह्या खुर्च्यासुदा वर्गातल्याच."

मुकुल सर हसले. "कोकणातला दमटपणा, मॅडम. त्यात आमच्या सफाईवाल्यांचा आळस."

मॅडमनी हातातला कागद उलटला. "भांडार म्हणालात ना? भांडाराला गुण नसतात. पुढे चला."

मालननं दार पुन्हा ओढून घेतलं.

दुपारी पथकाचं जेवण सरांच्या केबिनमध्ये होतं. सुरमई, सोलकढी, वर डब्यातला आमरस. मालन रिकामी ताटं उचलायला गेली, तर समोरून भन्नाट वारा आला. सरांनी आपल्यापुरती काच कापून घेऊन सरकती खिडकी बसवली होती.

"काय सुरेख वारा आहे हो इथं!" उर्वी मॅडम बोटं चाटत म्हणाल्या.

"समुद्राचा," सर म्हणाले.

मालननं हातातली ताटं परत टेबलावर ठेवली. किल्ल्यांचा जुडगा काढून सरांच्या वाटीशेजारी आपटला.

"सायब, उद्यापासनं तुमीच पुसा."

"काय बोलताय, कळतंय का?"

"कळतंय. तुमच्या ह्या इमारतीची किळस येते मला. आणि आता तुमचीपण."

ती जिना उतरली ती वळून न बघता. पगार अडवतील म्हणून घरी नवरा चिडला. महिन्याभरात ती काजूच्या कारखान्यात सोलणीला लागली.

मानांकन मिळालंच. पेपरात फोटो आला. सर आणि मॅडम काचेसमोर, मध्ये कुंडीतलं रोप. मालननं तो पेपर घरात ठेवला नाही.

तिच्या जागी लागलेली नम्रता एकदा बाजारात भेटली.

"त्या खुर्च्यांचं काय झालं गो?" मालननं विचारलं.

"परत वर्गात लावल्या," नम्रता म्हणाली आणि तोंडावर पदर धरून कितीतरी वेळ खोकत राहिली.