होले, आभाळ आणि वर्लन

टेक्सासमध्ये एक सप्टेंबरला होला पाखरांची शिकार खुली होते आणि त्या दिवशी वर्लनला घरात थांबवणं त्याच्या बायकोलाही कधी जमलं नाही. ती गेल्यावर हे काम लेकीच्या, रेलिनच्या गळ्यात पडलं. तिच्या भावाने फोनवर बजावलं होतं, "डॅडींची नजर गेलीय. यंदा बंदूक काढून घे." ह्यूस्टनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातं!

रेलिनचं तोंड काही उघडेना. म्हातारा सकाळपासून खुशीत होता. सूर्यफुलांच्या शेताकडेला, मेस्कीटच्या काटेरी झाडाच्या सावलीत त्याने बादली पालथी घालून बैठक मारली.

"टोपी खाली घे. तोंड चमकलं की होला वाट बदलतो."

"माहितीय, डॅडी."

"माहितीय म्हणे! गेल्या वर्षी पेटीभर काडतुसं वाऱ्याला चारलीस."

तेवढ्यात एक होला फुलांवरून अगदी खालून आला. वर्लनने दुनळी बंदूक खांद्याला लावली आणि पाखरामागे फिरवत नेली. नळीच्या रोखात, पलीकडच्या बांधावर शेजारचा हॉलिस बसला होता. रेलिन ओरडणार, तोच म्हाताऱ्याने बंदूक खाली केली.

"त्याच्यामागे आभाळ होतं का गं?"

"नाही. हॉलिस होता."

वर्लनने दुनळी मधोमध उघडून काडतुसं काढली आणि लेकीच्या हातात दिली.

"पाखरामागे आभाळ दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. मला आता ते दिसत नाही, पोरी."

रेलिनला रडू फुटलं. न बोलताच तिचं काम झालं होतं आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

"पूस डोळे. पंखांची शीळ ऐकू येतेय मला. डावीकडून, उंचावर. ऊठ!"

तिने आपली बंदूक उचलून बार काढला. होला मजेत निघून गेला.

"पाखराच्या मागे मारलीस! चाप ओढताना हात थांबवतेस तू. फिरवत राहा. आला बघ दुसरा."

या वेळी पाखरू गरगरत गवतात पडलं.

"नजर हलवू नकोस! पडलं तिथंच बघत सरळ चाल. इकडेतिकडे बघितलंस की गेलं ते, जन्मात सापडायचं नाही."

रेलिन निघाली. मागे म्हाताऱ्याने जोरात नाक ओढल्याचा आवाज आला. वळून त्याच्याकडे बघावं असं तिला फार वाटलं. पण ती गवतातल्या त्या जागेवर डोळे रोखून चालत राहिली.