छतावरची टीप

सलूनमध्ये गल्ल्याजवळ टिपांसाठी एक काचेची बरणी होती. तिच्यावर मालकांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: ‘आपण सारे एक कुटुंब’. दर शनिवारी बरणीतल्या पैशांचे सहा समान वाटे व्हायचे. काम करणारे पाच होते. सहावा वाटा कुटुंबप्रमुखाचा.

केस धुणाऱ्या बाईंनी हे अकरा वर्षं चालवून घेतलं. मग त्यांचं मनगट सुजलं, डॉक्टरांनी पट्टा सांगितला, आणि मालकांनी कळवलं की पट्टा ही कुटुंबाची बाब नसून वैयक्तिक आहे.

“म्हणजे दुखणं माझं आणि टीप कुटुंबाची,” बाई घरी नणंदेला म्हणाल्या.

नणंद मोबाइल दुरुस्त करायची. समोर उघडा पडलेला फोन न सोडता ती म्हणाली, “वहिनी, बरणीला वळसा घाल. कार्डानं दिलं तर मालकाच्या मशीनवर जातं. यूपीआयनं चिमूटभर खात्यात आलं, तर शिल्लक कमी म्हणून बँकच ती चिमूट दंडात खाते. क्रिप्टोत घे.”

“त्यानं काय येतं?”

“माझ्याकडे रिचार्ज येतो. कोपऱ्यावरचा औषधवालाही घेतो. त्याला वाटतं, तो श्रीमंत होणार आहे. वाटू दे.”

“आणि भाव पडला तर?”

“पडलेला उठतो कधी कधी. बरणीत पडलेला पैसा उठलाय का?”

तिनं बाईंच्या फोनमध्ये वॉलेट उघडून दिलं आणि त्याचा क्यूआर कोड कागदावर छापून आणला. तो लावायचा कुठे, हे मात्र बाईंनी ठरवलं. केस धुवायला बसलेलं माणूस मान बेसिनवर टाकून दहा मिनिटं निमूटपणे छताकडे बघत असतं. कागद तिथेच चिकटला. मालकांना टक्कल होतं. त्या खुर्चीत ते कधी आडवे झालेच नव्हते.

तीन आठवडे छान गेले. एका गिऱ्हाइकाच्या हातून फोन निसटून नाकावर आदळला, पण तत्पूर्वी टीप पोचली होती. पट्ट्याचे निम्मे पैसे जमले.

मग मालकांना कळलं. एक निवृत्त मुख्याध्यापिका डोकंभर फेस घेऊन आडव्या होत्या आणि फोन छताकडे रोखून होत्या. मालकांनी वर बघितलं आणि स्टूल आणलं.

“हे काय आहे?”

“माझी टीप,” बाई म्हणाल्या. हात फेसातच होते.

“हा जुगार आहे. आपल्याकडे बरणी आहे.”

“बरणीत जिंकणारा आधीच ठरलेला असतो.”

खुर्च्यांवरच्या कात्र्या थांबल्या. मालक स्टुलावर चढले आणि त्यांनी कागदाचा एक कोपरा उचकटला. “हे राहणार असेल, तर तू राहणार नाहीस.”

बाईंनी हात धुतले, पुसले, अ‍ॅप्रन काढून नीट घडी घातली. “काढा. पण मग हे डोकंही तुम्हीच धुवा.”

“म्हणजे?”

“फेस वाळायला लागलाय,” खालून मुख्याध्यापिका म्हणाल्या. शाळेची घंटा वाजावी तसा आवाज. मालक खाली उतरले.

त्यांनी नळ सोडला. पहिलं पाणी गार आलं, दुसरं उकळतं, तिसरं कानात. मुख्याध्यापिकांनी एक डोळा मिटून फोन पुन्हा वर धरला. बारीकसा आवाज झाला.

“कुणाला दिलेत?” मालकांनी विचारलं.

“जिचे हात आत्ता माझ्या डोक्यावर नाहीत, तिला.”

शेजारच्या खुर्चीवरच्या कारागिरानं कात्री खाली ठेवली. “बाई गेल्या तर ही सगळी डोकी तुमच्याकडेच येणार, मालक. मी कापतो, धूत नाही.” बाकीचे तिघं आपापल्या आरशात बघत राहिले. कुणी कात्री उचलली नाही.

दाराशी आणखी तीन डोकी वाट बघत होती. मालकांनी ती मोजली. त्यांच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत गेलं होतं.

“अ‍ॅप्रन घाल,” ते म्हणाले.

“आणि कागद?”

“राहू दे.”

बाईंनी अ‍ॅप्रन बांधला, पाणी मनगटावर तपासून कोमट केलं आणि मालकांना कोपरानं बाजूला सारलं.

“स्टुलावर तुम्हीच चढला होतात,” त्या म्हणाल्या. “तो कोपरा चिकटवून टाका. लोंबतोय. गिऱ्हाइकाला दिसत नाही नीट.”